डेटा नावाचे दोन फोल्डर आणि अडकलेली पट्टी

परवा एका मित्राचा मेसेज आला, पायथनच्या प्रोजेक्टमधले दोन-चार फोल्डर लिंटरमधून, म्हणजे कोड तपासणाऱ्या प्रोग्रॅममधून, वगळायचेत, कसं करू, एका ओळीत सांग. मी सांगितलं पण एका ओळीत. आणि मग रात्री जेवताना आठवलं की ह्याच ओळीने गेल्या हळदीच्या हंगामात माझी यार्डात चार लोकांसमोर लाज काढलेली, आणि मी ती ओळ त्याला तशीच्या तशी पाठवून मोकळा झालो. हात धुऊन आधी त्याला फोन केला, म्हटलं थांब, अजून काही सेव्ह करू नकोस. अर्धा तास बोललो. तेच इथं लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

मोबाईलवरून लिहितोय त्यामुळे कोड चिकटवत बसत नाही, नावं जशी तोंडाने म्हणतो तशीच लिहितो, स्पेलिंग तुम्ही बघून घ्या.

तर मी राहतो सांगलीत, विश्रामबागला. दिवसा पुण्यातल्या कंपनीचं काम घरून, आणि संध्याकाळी, रविवारी वगैरे मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचा प्रोग्रॅम सांभाळतो. दुकानाचं नाव नको. प्रोग्रॅम तसा साधा, जँगोवर (पायथनमध्ये वेबचे प्रोग्रॅम बनवायचा तयार सांगाडा) बनवलेला, शेतकरी हळद घेऊन येतो, सौदे निघतात, दर ठरतो, वजन होतं, मग हमाली, तोलाई, आधी उचल घेतली असेल तर ती, असं सगळं वजा होऊन त्याच्या हातात पट्टी पडते. ही पट्टी घेऊनच माणूस घरी जातो. त्यामुळे प्रोग्रॅममध्ये बाकी काहीही बिघडलं तरी चालतं, अहवाल उद्या काढू म्हणता येतं, पण पट्टी अडली की समोर माणूस उभा असतो.

हा प्रोग्रॅम मी लिहिलेला नाही. माझ्या आधी एक मुलगा होता, त्याने सुरू केला आणि तो बेंगळुरूला निघून गेला. हुशार होता पण घाईत होता. माझ्याकडे आला तेव्हा त्यात 'जुना' नावाचा एक फोल्डर होता, 'व्हेंडर' नावाचा एक, ज्यात कुणाची तरी लायब्ररी उचलून जशीच्या तशी टाकलेली, आणि सगळ्यात वरच्या पातळीवर 'डेटा' म्हणून एक, ज्यात जुन्या एक्सेल फाइली आणि त्या एकदाच वाचून डेटाबेसमध्ये टाकायला लिहिलेल्या आठ-दहा स्क्रिप्टा. एकदा चालल्या की काम संपलं असल्या.

लिंटर म्हणजे काय हे माहीत नसणारे पण वाचतात इथं म्हणून थोडक्यात. १९७८ साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन म्हणून एकाने सी भाषेसाठी एक प्रोग्रॅम लिहिला, जो कोड चालवत नाही, नुसता वाचतो आणि संशयास्पद गोष्टी दाखवतो, त्याला नाव दिलं लिंट. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेलं ते कापसाचं बारीक पांढरं. माझ्या मामाचे विट्यात यंत्रमाग होते, तो संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि मामी त्याला दारातच अंग झटकायला लावायची. त्यामुळे मला तरी लिंट हा शब्द कुणी समजावून सांगावा लागला नाही.

पायथनमध्ये हे काम करणारे बरेच आहेत. आमच्याकडे फ्लेक-एट होतं, म्हणजे खरं तर ती तीन हत्यारांची मोट आहे, पायफ्लेक्स, पायकोडस्टाइल आणि मॅककेब. पायकोडस्टाइल बारीकसारीक शिस्तीचं बोलतं, ओळ लांब झाली, स्पेस सुटली. पायफ्लेक्स मात्र कामाचं बोलतं, की बाबा हे नाव तू वापरतोयस पण ते कुठं ठरवलेलंच नाही. ह्या दुसऱ्याचं महत्त्व मला तेव्हा कळायला हवं होतं.

पहिल्यांदा फ्लेक-एट चालवलं तेव्हा अकरा हजारांच्या वर तक्रारी. टर्मिनल नुसतं पळत होतं, मी चहा घेऊन आलो तरी पळत होतं. घाबरलोच. मग वर जाऊन बघितलं तर निम्म्याहून जास्त व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या (थोडक्यात व्हेन्व्ह, प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्रऱ्या ठेवायचा फोल्डर), म्हणजे जँगोच्या आणि कुठल्या कुठल्या लायब्रऱ्यांच्या कोडबद्दल. माझा त्यात काय संबंध! पण फ्लेक-एटला व्हेन्व्ह ही भानगड माहीतच नाही. ते आपणहून वगळतं ते गिट आणि त्याची भावंडं, पायकॅश, टॉक्स, नॉक्स, एग्ज, असले हत्यारांनी आपोआप तयार केलेले फोल्डर, एवढंच. व्हेन्व्ह त्यात नाही. त्याला सांगावं लागतं.

मग सांगितलं. एक्स्क्लूड (म्हणजे वगळ) बरोबर व्हेन्व्ह, असं लिहिलं डॉट-फ्लेक-एट फाइलीत. (आधी पायप्रोजेक्ट-टॉमलमध्ये लिहिलं होतं आणि वीस मिनिटं विचार करत बसलो की हे ऐकत का नाही, तर फ्लेक-एट ती फाइल वाचतच नाही, त्याला सेटअप-सीएफजी, टॉक्स-आयएनआय नाहीतर स्वतःची फाइल लागते. ह्यावर लोकांची किती भांडणं झालीत, सोडा.) आता तक्रारी कमी व्हायला हव्यात ना, तर कमी झाल्या पण वेगळ्याच ठिकाणच्या दिसायला लागल्या, टॉक्सच्या फोल्डरमधल्या. कारण एक्स्क्लूड लिहिलं की मूळची यादी पुसली जाते आणि तुम्ही लिहिलेली तेवढीच उरते. मूळ यादी ठेवून त्यात भर घालायची तर एक्स्टेंड-एक्स्क्लूड. शब्द एवढा सारखा आहे की दहापैकी नऊ जण पहिलाच लिहितात, मी पण तोच लिहिला आणि मित्रालाही तोच पाठवला होता.

ते सुधारलं. तरी दोनेक हजार राहिल्या. त्यातल्या मायग्रेशन्सच्या (डेटाबेसचा आराखडा बदलणाऱ्या फाइली) बऱ्याच, 'व्हेंडर'च्या, 'जुना'च्या तर विचारूच नका, आणि 'डेटा'तल्या त्या स्क्रिप्टांच्या. दिवाळीची सुट्टी होती, घरी फराळाचा वास, आई दोनदा हाक मारून गेलेली, मला एकदा ते शून्य बघायचं होतं. मी एकामागोमाग एक नावं टाकली. मायग्रेशन्स, व्हेंडर, जुना, डेटा. स्वल्पविराम देऊन एका ओळीत. आपल्या खऱ्या कोडमधल्या शे-दीडशे राहिल्या त्या दोन दिवसात हाताने साफ केल्या. आणि मग फ्लेक-एट चालवलं आणि ते काहीच बोललं नाही. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीय, त्या रिकाम्या टर्मिनलकडे बघून किती बरं वाटतं.

डिसेंबरमध्ये पट्टीचा कोड वाढला. एकच फाइल हजार ओळींच्या वर गेली होती म्हणून मी तिचे तुकडे केले, आणि दर, वजाबाकी, उचल ह्यांचं गणित पट्टीच्याच फोल्डरच्या आत एका नवीन फोल्डरमध्ये टाकलं. त्याला नाव काय द्यावं सुचेना. डेटा दिलं.

इथं ज्यांच्या लक्षात आलं ते पुढचे तीन परिच्छेद सोडले तरी चालेल.

मार्चमध्ये, हंगाम भरात, मी घरी मीटिंगमध्ये, आणि दुकानातल्या दिवाणजींचा फोन. एकदा कट केला, परत आला. "काय ओ, पट्टी निघंना झालीय की." म्हटलं एकच निघत नाही का सगळ्या? तर एकच. रायबागकडचे एक शेतकरी, बाकीच्यांच्या निघाल्या, ह्यांची दाबली की पांढरं पान येतं आणि इंग्रजीत कायतरी. "किती वेळ लागंल? पाव्हण्यास्नी गाडी गाठायचीय." मी मीटिंग सोडली, गाडी काढली, विश्रामबागवरून यार्ड काही लांब नाही, पोचलो. आत शिरलो तर दिवाणजींनी कॉम्प्युटर बाजूला सारून लांबट वही उघडलेली, चष्मा कपाळावर, आणि सरळ हाताने पट्टी मांडलेली. पोती, वजन, दर, वजा हमाली, वजा तोलाई, वजा उचल. सही घेतली, कार्बनची प्रत फाडून दिली. पाव्हणे उठले, मला बघून म्हणाले, "तुमीच व्हय कंप्यूटरवाले?" आणि गेले. वाईट काही बोलले नाहीत, पण त्या "तुमीच व्हय"ने जे झालं ते झालं.

लॉग उघडला. नेमएरर. उचलीच्या हिशोबात एका व्हेरिएबलचं नाव मी जानेवारीत बदललं होतं, आधी उचल-रक्कम होतं ते उचल-बाकी केलं, तीन ठिकाणी बदललं आणि चौथ्या ठिकाणी राहिलं. चौथं ठिकाण म्हणजे उचल पट्टीपेक्षा जास्त झाली तर, म्हणजे शेतकऱ्यालाच काही देणं लागत नाही, उलट बाकी पुढं ओढायची. असं क्वचित होतं. आणि पायथन ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत नाव आहे की नाही बघत नाही, त्यामुळे दोन महिने ती ओळ तिथं नुसती बसून होती, त्या रायबागच्या माणसाची वाट बघत.

ओळ दुरुस्त करायला एक मिनिट लागलं. पण मला काही उमजेनाच, कारण नेमकी ही चूक पकडण्यासाठीच तर लिंटर ठेवलाय! एफ ८२१, न ठरवलेलं नाव. पायफ्लेक्सचं मुख्य काम ते. आणि मी प्रत्येक कमिटच्या आधी, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवायच्या आधी, चालवत होतो. तिथंच दुकानात बसून लॅपटॉपवर परत चालवलं, गप्प. म्हटलं ठीक आहे, आता नेमका तो आतला फोल्डरच देतो, पूर्ण पाथ (फोल्डरचा पूर्ण पत्ता) टाइप करून त्या एका फोल्डरवर चालवलं. तरी गप्प. चूक मला डोळ्यांनी दिसतेय, ओळ हायलाइट करून ठेवलीय, आणि लिंटर म्हणतोय सगळं छान. मग कायतरी म्हणून ती फाइल उचलून डेस्कटॉपवर ठेवली आणि तिथं चालवलं. लगेच ओरडला. एफ ८२१, ओळ अमुक. दिवाणजींनी मागून विचारलं, "घावलं का?" मी म्हटलं घावलं, पण चूक नाही घावली, दुसरंच घावलं.

झालं होतं असं. फ्लेक-एटमध्ये तुम्ही स्लॅश नसलेलं नुसतं नाव दिलंत, जसं डेटा, तर ते फक्त वरच्या पातळीवरचा डेटा फोल्डर असं समजत नाही. ते समजतं, ह्या अख्ख्या झाडात कुठंही, कितीही खोल, डेटा नावाचं जे काही असेल ते. मी दिवाळीत जी ओळ लिहिली ती बाहेरच्या स्क्रिप्टांसाठी होती, आणि डिसेंबरमध्ये मी नवीन फोल्डर जन्माला घातला तो त्या ओळीच्या सावलीतच. ओळ आधी, फोल्डर नंतर, त्यामुळे मला कधीच फरक जाणवला नाही. एखादा फोल्डर आधी तपासला जात असता आणि मग वगळला असता तर तक्रारींचा आकडा तरी हलला असता, इथं तो पहिल्या दिवसापासून शून्य. आणि त्या फोल्डरचं नाव घेऊन चालवलं तरी फ्लेक-एट वगळण्याची यादीच मोठी मानतं, म्हणून ते तेव्हाही गप्प.

उपाय एक-दोन अक्षरांचा. नावापुढं डॉट-स्लॅश लावायचा, किंवा नुसता शेवटी स्लॅश दिला तरी चालतो. नावात स्लॅश आला की फ्लेक-एट ते कॉन्फिग फाइल, म्हणजे ही सेटिंगची फाइल, जिथं आहे तिथून मोजलेला पाथ धरतं, मग फक्त तोच डेटा. रफ म्हणून दुसरा एक लिंटर आहे, त्यातही चाल अशीच, नुसतं नाव झाडात कुठंही जुळतं, पाथ दिला तर प्रोजेक्टच्या मुळापासून.

ह्यानंतर मी जरा पछाडल्यासारखा सगळ्या हत्यारांचं हे वगळणं वाचून काढलं, आणि मला खरंच राग आला, कारण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. पायलिंटमध्ये इग्नोर म्हणून जे आहे त्यात पाथ दिलात तर ते काहीच करत नाही, चूक पण दाखवत नाही, कारण त्याला फक्त शेवटचं नाव हवं असतं, आणि पाथ द्यायचा तर इग्नोर-पाथ्स नावाचं वेगळं आहे ज्यात रेजेक्स (मजकुराचा नमुना सांगायची सांकेतिक भाषा) चालतं. म्हणजे फ्लेक-एटमध्ये नुसतं नाव दिलं म्हणून जास्त वगळलं गेलं, आणि तेच शिकून पायलिंटमध्ये पाथ दिला तर काहीच वगळलं जात नाही! ब्लॅक, जे कोडची मांडणी नीट करून देतं, त्यात रेजेक्स. मायपाय, जे व्हेरिएबलचे प्रकार तपासतं, त्यातही रेजेक्स, पण तिथली गंमत अशी की तुम्ही फोल्डर वगळलात तरी दुसऱ्या एखाद्या फाइलीने त्यातलं काही इम्पोर्ट केलं की मायपाय मागच्या दाराने आत जाऊन ते तपासतंच, त्याचं एक्स्क्लूड फक्त फाइली शोधत हिंडताना लागू होतं.

रफ मला त्यातल्या त्यात शहाणं वाटतं. रस्टमध्ये लिहिलंय म्हणून वेग आहे तो आहेच, पण व्हेन्व्ह, नोड-मॉड्यूल्स, साइट-पॅकेजेस असलं बाहेरच्या लायब्रऱ्यांचं सगळं ते मुळातच वगळतं आणि गिट-इग्नोरमधलंही (गिटने बघू नये अशा फाइलींची यादी) मान्य करतं. पण हे शहाणपणही अंगावर येतं कधी कधी. त्याच्या मूळ यादीत बिल्ड आणि डिस्ट पण आहेत, ब्लॅकच्याही आहेत. दिवसाच्या नोकरीत एका सहकाऱ्याने इमारतींच्या हिशोबाचं मॉड्यूल केलं आणि त्याचं नाव ठेवलं बिल्ड. त्याने कुठंच काही वगळलं नव्हतं, एक ओळ कॉन्फिग नव्हतं, तरी ते मॉड्यूल महिनाभर कुणी तपासलं नाही. मी शेजारीच बसलो असतो तर त्याला मिठी मारली असती.

म्हणून आता मी कुठल्याही नवीन प्रोजेक्टमध्ये पहिलं काम करतो ते हे की काय तपासलं जातंय त्याची यादी बघतो, काय वगळलंय त्याची नाही. रफला शो-फाइल्स म्हणून पर्याय आहे, तो दिला की तपासत काही नाही, नुसती फाइलींची नावं छापतो. ती डोळ्याखालून घालायची. आणि ज्यात असं काही नसेल तिथं माझी गावठी पद्धत, प्रत्येक फोल्डरमध्ये एक फाइल टाकायची, आत एकच ओळ, कुठंही नसलेलं एक नाव, मी 'हळकुंड' लिहितो. लिंटर चालवायचा. जिथून हळकुंडाची तक्रार आली नाही तो फोल्डर अंधारात आहे. मग फाइली पुसायच्या. (एकदा पुसायला विसरलो होतो, पुण्याच्या टीमला कळेना हळकुंड म्हणजे कुठली लायब्ररी.)

प्री-कमिट (कमिट करताना ही हत्यारं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर अजून एक खड्डा आहे. आपण हाताने ब्लॅक किंवा रफ चालवतो तेव्हा त्याला फोल्डर देतो आणि आत काय घ्यायचं ते ठरवतं ते हत्यार. प्री-कमिट तसं करत नाही, ते कमिटमधल्या फाइलींची नावं एकेक करून हत्याराच्या हातात देतं. आणि ब्लॅक आणि रफ दोघांचाही नियम असा की तुम्ही स्वतः नाव घेऊन फाइल दिलीत म्हणजे तुम्हाला ती हवीच असणार, मग वगळण्याची यादी बाजूला. त्यामुळे हाताने चालवलं की 'व्हेंडर' सुटतो आणि कमिट करताना त्यातल्या फाइली सजून-धजून येतात. ह्यावर फोर्स-एक्स्क्लूड हा इलाज, रफच्या तयार हुकमध्ये (प्री-कमिटला जोडायचा तुकडा) तो आधीपासून लावलेला असतो, ब्लॅकला कॉन्फिगमध्ये आपण द्यायचा. नाहीतर प्री-कमिटच्याच फाइलीत एक्स्क्लूड लिहायचं, तिथं परत रेजेक्स, सुरुवातीला टोपीचं चिन्ह लावायला विसरू नका नाहीतर परत माझी दिवाळी.

आता मुद्दा राहतो तो वगळायचं काय. 'व्हेंडर' वगळला तो ठीकच, दुसऱ्याचा कोड आहे, त्यात मी स्पेस घालत बसलो तर पुढची आवृत्ती आणताना मलाच कळणार नाही की काय बदललं. मशीनने तयार केलेला कोड असतो तोही ठीक. पण मायग्रेशन्सबद्दल माझं मत फिरलं. सगळेच म्हणतात मायग्रेशन्स वगळा, जँगो आपोआप बनवतं, लांब ओळी असतात. (आता तर जँगो ४.१ पासून, म्हणजे २०२२ पासून, मशीनवर ब्लॅक असेल तर मायग्रेशनची फाइल ब्लॅकमधून काढूनच ठेवतं.) बरोबर आहे, पण त्याच फोल्डरमध्ये आपण हाताने लिहिलेली पण असतात, रन-पायथनवाली, जी जुन्या नोंदी फिरवून नवीन रकान्यात टाकतात. ती एकदाच चालतात, आणि चालतात ती थेट खऱ्या डेटावर. पट्टीची चूक निदान पान पांढरं करून थांबली, असल्या फाइलीत चूक राहिली तर काय होईल ह्याचा विचार करून मी त्या रात्री मायग्रेशन्स यादीतून काढलं. त्याऐवजी पर-फाइल-इग्नोर्स लावलं, म्हणजे त्या फोल्डरपुरती फक्त ई ५०१ ही लांब ओळीची तक्रार बंद, बाकी सगळं चालू. तीस-चाळीस फाइलींमधून दोन एफ ८२१ निघाले. दोन्ही हाताने लिहिलेल्या फाइलीत, दोन्ही उलट दिशेच्या फंक्शनमध्ये, म्हणजे मायग्रेशन मागं घ्यायची वेळ आली असती तर. अजून आली नव्हती एवढंच.

इनिट फाइलींचंही (फोल्डरला पायथनचं पॅकेज बनवणारी फाइल) तसंच, तिथं लोक वैतागून सगळ्या इनिट वगळतात कारण वापरलं नाही असं इम्पोर्ट म्हणून एफ ४०१ येतो, तर तेवढाच बंद करा ना. टेस्टचा फोल्डर वगळणाऱ्यांना तर मी काय बोलू.

आमच्या हरिपूरला हळदीची पेवं आहेत, ऐकलं असेल, जमिनीत खोल खड्डे, आत हळद भरून तोंड बंद करून टाकायचं. माती अशी आहे तिथली की हळद आत वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. लहानपणी आजोबा दाखवायला घेऊन गेले होते, तेव्हा एक पेव उघडत होते आणि मी वाकून बघायला गेलो तर त्यांनी दंड धरून मागं ओढलं. तोंड उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नाही, आधी वारं लागू देतात, आत हवा राहिलेली नसते, माणूस खाली बसला की संपला. 'जुना' फोल्डर उघडायचा ठरवला तेव्हा मला तो दंडावरचा हात आठवला. एकदम यादीतून काढला असता तर बाराशे तक्रारी अंगावर आल्या असत्या आणि मी परत झाकण लावून टाकलं असतं, आधी एकदा तसं केलंही होतं.

म्हणून ह्यावेळी फोल्डरचं नाव काढलं आणि त्याजागी आतल्या चौदा फाइलींची नावं एकेक करून लिहिली, पूर्ण पाथसकट. कॉन्फिग लांबलचक आणि कुरूप दिसतं, पण एक झालं, त्या फोल्डरमध्ये आता नवीन फाइल टाकली तर ती आपोआप तपासली जाते, आणि दर रविवारी नाश्ता झाला की मी एक नाव पुसतो, त्या एका फाइलीची घाण काढतो, संपलं. कधी वीस मिनिटं लागतात, कधी दुपार जाते. काही रविवार बुडलेत, एक तर पाहुणे आले म्हणून, एक कृष्णेचं पाणी बघायला आयर्विन पुलावर गेलो म्हणून, खोटं कशाला बोलू.

गेल्या रविवारी नववं नाव पुसलं. त्यात एफ ८४१ निघाला, म्हणजे एक आकडा काढलाय, व्हेरिएबलमध्ये ठेवलाय आणि पुढं कुठंच वापरलेला नाही. बघितलं तर हमालीचा दुसरा एक हिशोब. नुसता पुसून टाकायचा धीर होईना, न जाणो खरंच वजा व्हायला हवा असेल आणि त्या मुलाकडून राहून गेला असेल, तर इतकी वर्षं पट्ट्या चुकतायत. दिवाणजींना फोन लावला, रविवार असून उचलला.

"हमालीचा हा दुसरा आकडा कशाचा ओ?"

त्यांनी दर विचारला, मी कोडमध्ये लिहिलेला वाचून दाखवला. हसले. "ते व्हय, ते लई जुनं. तो दर कवाच बंद झाला. काढा की."

"नक्की काढू ना?"

"काढा ओ. वही हाय की माज्याकडं."